हवामानाचे अचाट विक्रम: खरे किती, फॉरवर्डमधले किती?

ढगोबा

मंडळी, फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, 'निसर्गाचे दहा महाभयंकर विक्रम' की असंच काहीतरी, तुमच्याकडेही आला असेलच. त्यातले निम्मे आकडे कधीच बाद झालेत आणि उरलेल्यांना ना तारीख ना ठिकाण. खरे किस्से त्याहून कितीतरी भारी आहेत, म्हणून म्हटलं धागाच काढू. अट एकच, आकडा टाकलात तर तो कुठला, कधीचा आणि जमलं तर कशाने मोजलेला तेही टाका. नुसतं "बापरे ५८ डिग्री" नको.

माझ्याकडून सुरुवात. २२ जानेवारी १९४३, अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातलं स्पिअरफिश नावाचं गाव. सकाळी साडेसातला पारा उणे २० सेल्सिअस. दोन मिनिटांनी अधिक ७. दोन तास नव्हे, दोन मिनिटं! नऊ वाजेपर्यंत तो १२ वर गेला आणि मग वारा पडला तसा सत्तावीस मिनिटांत धाडकन परत उणे २०. खिडक्यांच्या काचा तडकल्या, चालत्या गाड्यांच्या काचांवर बघता बघता बर्फ धरला. डोंगरावरून उतरणाऱ्या चिनूक नावाच्या गरम वाऱ्याची करामत.

झुळूक

दोन मिनिटांत २७ डिग्री?? पटत नाहीये हो. आणि डोंगरावर थंडी असते ना, मग तिथून आलेला वारा गरम कसा काय?

शास्त्रापुरता

@झुळूक, रास्त शंका. हवा खाली उतरते तशी दाबली जाते आणि दाबली की तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं तेच. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की साधारण १० डिग्रीने तापते. आता गंमत अशी की डोंगराच्या पलीकडच्या बाजूने चढताना तीच हवा दमट असते, वर जाताना तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे चढताना ती किलोमीटरमागे पाच-सहा डिग्रीच थंड होते. म्हणजे चढताना गमावलं कमी, उतरताना कमावलं जास्त. पाऊस-बर्फ पलीकडेच टाकून आलेली ही हवा इकडे कोरडी नि गरम होऊन उतरते.

राहिला दोन मिनिटांचा प्रश्न. तर दोन मिनिटांत हवा तापली नाही, हवा बदलली. थंड हवा जड, ती जमिनीलगत डबक्यासारखी साचून बसलेली, तिच्या वरून गरम वारा वाहतोय. त्या थंड थराची कड पुढेमागे हलली की तापमापक कधी थराच्या आत, कधी बाहेर. त्या दिवशी आसपासच्या गावांतही असेच झोके नोंदले गेलेत, एका टोकाला थंडी आणि थोडं पुढे गेलं की वसंत.

टिंबटिंब

लैच भारी धागा. वाचतोय.

मृगजळ

शाळेत 'जगातील सर्वात उष्ण ठिकाण' म्हणून अल अझिझिया पाठ केलं होतं, लिबियातलं, ५८ डिग्री. हल्ली कुठेच दिसत नाही ते. काढून टाकलं का?

पारा_चढला

काढून टाकलं आणि ज्या पद्धतीने काढलं तो या धाग्यातला सगळ्यात भारी किस्सा ठरावा, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

१३ सप्टेंबर १९२२. लिबिया तेव्हा इटलीच्या ताब्यात, अल अझिझियाला त्यांचं लष्करी ठाणं, तिथे हे ५८ नोंदलं गेलं. पुढची नव्वद वर्षं सगळ्या पुस्तकांत हेच. आता आजूबाजूच्या केंद्रांवर त्या दिवशी तसं काही दिसत नाही आणि त्याच ठिकाणी नंतर कधी त्याच्या जवळपासही पारा गेला नाही, त्यामुळे संशय होताच. शेवटी जागतिक हवामान संघटनेने अनेक देशांच्या तज्ज्ञांची समिती बसवली. मूळ नोंदवहीचं पान मिळालं, तर त्यात दिसलं की ११ सप्टेंबरपासून अक्षरच बदललंय. म्हणजे नेमका दोन दिवसांपूर्वी माणूस बदललेला! नव्या माणसाने आकडे चुकीच्या रकान्यांत भरलेले.

आणि उपकरण कुठलं, तर सिक्सचा तापमापक. यू आकाराची काचेची नळी, आत पारा, पाऱ्याच्या डोक्यावर एक बारीक दर्शक. पारा चढला की दर्शकाला वर ढकलतो, पारा उतरला की दर्शक तिथेच अडकून राहतो, म्हणजे दिवसभरातलं कमाल तापमान संध्याकाळी वाचता येतं. वाचायचं असतं दर्शकाचं खालचं टोक, जिथे पारा टेकला होता. सवय नसलेला माणूस वरचं टोक वाचतो. त्या दर्शकाची लांबी पट्टीवर भरते सुमारे ७ अंश. झालं, गेला विक्रम. शिवाय यंत्र ठेवलं होतं डांबरासारख्या काळ्या पृष्ठभागावर, वाळवंटातल्या नैसर्गिक जमिनीवर नाही.

आणि हे सगळं चालू असताना २०११ मध्ये लिबियात क्रांती पेटली, समितीतल्या लिबियन शास्त्रज्ञांशी काही महिने संपर्कच तुटला, काम ठप्प. ते सुखरूप परत संपर्कात आले तेव्हा गाडी पुढे सरकली. १३ सप्टेंबर २०१२ ला, म्हणजे बरोबर नव्वद वर्षांनी, विक्रम अधिकृतपणे रद्द.

मृगजळ

अरे बापरे, एवढं रामायण! भूगोलाच्या बाईंना सांगायला हवं आता.

निवांत

ते ठीक आहे पण मग न्याय सगळ्यांना सारखा लावा की. ५८ बाद झाल्यावर पहिला नंबर कोणाला मिळाला? डेथ व्हॅली, कॅलिफोर्निया, ५६.७ डिग्री, तारीख १० जुलै १९१३. ते पण एका माणसानेच वाचलेलं ना? तिथे नोंदवही तपासली का? लिबियाचं गेलं आणि अमेरिकेचं राहिलं, काय योगायोग.

पारा_चढला

@निवांत, त्यावरही शंका घेणारे आहेत आणि ते अमेरिकेतलेच हवामान-इतिहासवाले आहेत, तेव्हा योगायोगाची थिअरी जरा बाजूला ठेवू. त्यांचं म्हणणं असं की त्या आठवड्यात आसपासच्या केंद्रांच्या तुलनेत डेथ व्हॅलीचा आकडा फारच वर आहे. पण अधिकृत फेरतपासणी होऊन बाद होत नाही तोवर तोच विक्रम. नुसत्या संशयावर विक्रम काढायला लागलं तर शंभर वर्षांपूर्वीचं काहीच उरणार नाही.

ज्यावर भांडण नाही असे आकडे हवे असतील तर कुवेतमधलं मित्रिबा, २१ जुलै २०१६, ५३.९. पाकिस्तानातलं तुर्बत, २८ मे २०१७, ५३.७. या दोन्हींची रीतसर पडताळणी होऊन मान्यता मिळालीये. डेथ व्हॅलीत २०२० आणि २०२१ मध्ये ५४.४ दाखवलंय आधुनिक यंत्राने. म्हणजे खरीखुरी कमाल ५४-५५ च्या आसपास घुटमळते असं माझं मत.

खिडकीपाशी

यंत्र आधुनिक म्हणजे बरोबर असंही नाही हां. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवलं, दिवसभर सगळ्या चॅनेलवर तेच. नंतर भारतीय हवामान खात्याने तिथे प्रमाणित उपकरण लावून बघितलं तर सेन्सर तब्बल ३ अंश जास्त दाखवत होता. दुरुस्तीच्या बातमीला अर्थातच कोणी विचारलं नाही. भारताचा विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, ५१ डिग्री, १९ मे २०१६.

पाऊलवाट

मग ते इराणच्या वाळवंटात ८० डिग्री म्हणतात ते काय? आमच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये पहिल्या नंबरला तेच होतं.

शास्त्रापुरता

लूत वाळवंट. आकडा खरा आहे, ८०.८, पण ते जमिनीचं तापमान, उपग्रहाने वरून मोजलेलं. काळसर दगड-वाळू उन्हात तापली की हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. हवेचं तापमान म्हणजे जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीत, वारा खेळता ठेवून मोजलेलं. त्यासाठी ती पांढरी झरोक्याची लाकडी पेटी असते ना, स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात तिला, ती केली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्यांचा मुलगा.

त्यामुळे लोक फोन उन्हात धरून "बघा ५५ दाखवतोय" म्हणतात त्याला काडीचा अर्थ नाही. तो फोनचा ताप आहे, हवेचा नाही.

ढगोबा

या पेटीवरूनच अजून एक विक्रम उडालाय. फेब्रुवारी २०२० मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर २०.७५ अंश, अंटार्क्टिकात पहिल्यांदाच वीसच्या वर म्हणून जगभर हेडलाइन. नंतर तपासलं तर सेन्सरवरचं ऊन-आड करणारं आवरण जुगाडू होतं, त्यामुळे आकडा फुगला. बाद. त्याच आठवड्यातलं एस्पेरान्झा केंद्राचं १८.३ मात्र मान्य झालं, ६ फेब्रुवारीचं. माझ्या मते १८.३ सुद्धा पुरेसं धक्कादायक आहे, पण वीस म्हटलं की छापायला बरं वाटतं.

झुळूक

गरमीचं झालं, आता थंडी घ्या कोणीतरी.

हिमकण

हजर!

सगळ्यात कमी नोंद व्होस्टोक, अंटार्क्टिकाच्या मधोमधचं रशियन केंद्र, २१ जुलै १९८३, उणे ८९.२. उंची साधारण साडेतीन हजार मीटर, जुलै म्हणजे तिथला हिवाळा, सूर्य महिनोन्महिने नाही, आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही आणि बाहेरची उबदार हवा आत येऊ शकत नाही, सगळ्या अटी एकदम जुळल्या. उपग्रहाने तिथल्याच पठारावरच्या खोलगट जागांत बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान उणे ९८ च्या आसपास टिपलंय, पण वर सांगितलं तसं पृष्ठभाग वेगळा, हवा वेगळी.

मला स्वतःला जास्त आवडतं ते सायबेरियातलं वर्खोयान्स्क. १८९२ च्या फेब्रुवारीत उणे ६७.८ आणि २० जून २०२० ला अधिक ३८. एकाच गावात १०५ डिग्रीचा फरक! समुद्रापासून लांब, त्यामुळे हिवाळ्यात जमीन धरबंद सोडून थंड होते आणि उन्हाळ्यात चोवीस तास ऊन म्हणून तापते. समुद्र जवळ असता तर त्याने दोन्हीकडून लगाम घातला असता.

आणि उत्तर गोलार्धाचा विक्रम आता सायबेरियाकडे नाहीये. २२ डिसेंबर १९९१ ला ग्रीनलंडच्या बर्फावरच्या एका स्वयंचलित केंद्राने उणे ६९.६ नोंदवलं होतं. कोणाच्या लक्षातच आलं नाही! अठ्ठावीस वर्षांनी जुनी माहिती चाळताना सापडलं, मग २०२० मध्ये मान्यता.

निवांत

म्हणजे विक्रम होऊनही कोणाला पत्ता नाही आणि झाला नसताना नव्वद वर्षं पुस्तकात. छान चाललंय.

खिडकीपाशी

अवांतर: सेल्सिअस साहेबांची मूळ पट्टी उलटी होती, १७४२ साली त्यांनी पाणी उकळतं ते ० आणि गोठतं ते १०० असं धरलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर ती सरळ झाली. नाहीतर आज आपण "काय थंडी पडलीये, ९५ वर गेलाय पारा" म्हणत बसलो असतो.

रेनकोट

पावसावर मी लिहितो. चेरापुंजी सगळ्यांना माहीत आहे, पण कशासाठी पहिलं ते नीट पाहा. वर्षाच्या सरासरीत मावसिनराम पुढे आहे, सुमारे ११,८७० मिमी, तेही मेघालयातच, चेरापुंजीच्या जवळच. पण सलग बारा महिन्यांचा विक्रम चेरापुंजीचा, ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१, २६,४७० मिमी. म्हणजे साडेसव्वीस मीटर पाणी! त्यातला एकटा जुलै १८६१ म्हणजे ९,३०० मिमी. आणि अठ्ठेचाळीस तासांचा विक्रमही तिथलाच, १५-१६ जून १९९५, २,४९३ मिमी.

कारण बंगालच्या उपसागरावरून आलेले ओले वारे बांगलादेशाच्या सपाटीवरून काही अडथळा न लागता येतात आणि खासी टेकड्यांच्या कड्यावर आदळून एकदम वर चढतात. एवढं असून हिवाळ्यात तिथे पिण्याच्या पाण्याचे हाल होतात, कारण पाऊस पडतो तो काही महिन्यांत आणि कडेकपारीवरून सगळा खाली बांगलादेशात.

पण चोवीस तासांचा विक्रम मेघालयाचा नाही. तो हिंदी महासागरातल्या रियुनियन या इवल्याशा बेटाचा. फोक-फोक नावाची जागा, ७-८ जानेवारी १९६६, डेनिस चक्रीवादळ, १,८२५ मिमी. त्याच बेटावर फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद वादळात तीन दिवसांत ३,९३० मिमी. ज्वालामुखीचं उंच बेट, वादळ त्याला धडकतं आणि सगळं तिथेच ओतून मोकळं होतं.

पाऊलवाट

आणि सगळ्यात कोरडं? सहारा ना?

रेनकोट

नाही! चिलीतलं अरिका. समुद्राच्या अगदी काठावरचं शहर आहे ते, पॅसिफिकच्या लाटा दिसतात आणि वर्षाची सरासरी एक मिलीमीटरसुद्धा नाही. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८, सलग १७३ महिने पावसाचा थेंब नाही. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह थंड, त्यामुळे खालची हवा गार नि जड, ती वर उठतच नाही. ढग धुक्यासारखे येऊन थबकतात पण पाऊस देत नाहीत.

जाता जाता, पावसाचा आकडा म्हणजे त्या एका पर्जन्यमापकाच्या तोंडात पडलेलं पाणी, हे विसरू नये. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, तेच चोवीस तास. सांताक्रूझला मापक नसता तर तो दिवस कागदावर किरकोळच राहिला असता.

झुळूक

भीतीदायक आहे हे.

एक बाळबोध प्रश्न, ढगात एवढं पाणी असतं तर तो पडत का नाही खाली?

शास्त्रापुरता

बाळबोध अजिबात नाही. हिशोब करू. उन्हाळ्यात दिसतो तसा पांढरा कापशी ढग, एक किमी लांब-रुंद-उंच धरा. एका घनमीटरमध्ये पाणी अर्धा ग्रॅम. एकूण झालं ५०० टन. ऐकायला प्रचंड, पण तेवढ्याच जागेतली हवा भरते सुमारे दहा लाख टन. म्हणजे पाणी हवेच्या दोन हजारावा भाग. ते पाणीही मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थेंबांत वाटलेलं, असा थेंब सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली येतो आणि खालून वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. शिवाय दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा वजनाला कमीच आहे.

असे दहाएक लाख थेंब एकत्र आले की कुठे पावसाचा एक थेंब तयार होतो.

हिमकण

थेंबांवरून आठवलं, पावसाचा थेंब चित्रात दाखवतात तसा वर निमुळता खाली गोल कधीच नसतो. बारीक असेल तर गोल, मोठा असेल तर खालून हवा दाबते म्हणून बूड सपाट आणि वरची बाजू फुगीर. पाचेक मिलीमीटरच्या पुढे गेला की बहुतेक वेळा फुटतो.

आणि थेंबाचा आकार मोजायची एक युक्ती आहे, मला प्रचंड आवडते. हिमकणांचे फोटो काढण्यासाठी प्रसिद्ध असलेले विल्सन बेंटली, अमेरिकेतले साधे शेतकरी, त्यांनी पसरट भांड्यात चाळलेलं पीठ इंचभर भरलं आणि काही सेकंद पावसात धरलं. थेंब पिठात पडला की त्याची इवलीशी गोळी होते. गोळ्या वाळवायच्या, पीठ चाळून वेगळ्या काढायच्या आणि मोजायच्या. आधी माहीत असलेल्या आकाराचे थेंब पाडून त्यांनी गोळी आणि थेंब यांचं नातं बसवून घेतलं होतं. १९०४ मध्ये हे सगळं छापून आलंय. कोणालाही करून बघता येईल, पाऊस सुरू झाला की पहिल्या सरीत आणि नंतरच्या रिपरिपीत थेंब किती वेगळे असतात ते डोळ्यांनी दिसेल.

टिंबटिंब

हे करणार. आईचा ओरडा खाऊन का होईना.

ढगोबा

ढगाचं चाललंय तर ढगातून आरपार आलेल्या माणसाचं घ्या. २६ जुलै १९५९, विल्यम रँकिन, अमेरिकन मरीन दलातले लेफ्टनंट कर्नल, साधारण १४ किमी उंचीवर विमानाचं इंजिन बंद पडलं आणि त्यांना उडी मारावी लागली. खाली विजांचा भला थोरला ढग. बाहेर उणे ५० च्या आसपास, अंगात दाबाचा पोशाख नाही, नाका-कानातून रक्त. एरवी दहाएक मिनिटांत माणूस खाली यायला हवा, यांना लागली चाळीस, कारण ढगातल्या वर जाणाऱ्या झोतात पॅराशूट सापडलं की ते परत वर, मग खाली, परत वर. गारांचा मार, आणि पाणी इतकं की बुडू नये म्हणून श्वास रोखून धरावा लागला असं त्यांनी नंतर सांगितलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या जंगलात झाडांत अडकले आणि वाचले!

निवांत

हा मात्र मानला.

मृगजळ

तेच वर-खाली गारांचं होतं ना? म्हणून मोठ्या होतात?

शास्त्रापुरता

बरोबर. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं तरी लगेच गोठत नाही, थेंब उणे ३५ पर्यंतसुद्धा द्रव राहू शकतात. गारेला टेकले की गोठतात. झोत जितका जोरदार तितकी गार जास्त वेळ वर टिकते नि वाढते.

सगळ्यात वजनदार नोंदलेली गार बांगलादेशातल्या गोपालगंजची, १४ एप्रिल १९८६, १.०२ किलो, त्या वादळात ९२ माणसं गेली. आणि गारपिटीने सर्वात जास्त बळी गेलेत ते उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ, ३० एप्रिल १८८८, २४६ माणसं. व्यासाचा विक्रम साउथ डकोटातल्या व्हिव्हियनचा, २३ जुलै २०१०, २० सेंटिमीटर. ज्याला सापडली त्याने ती फ्रीजरमध्ये ठेवली, पण वादळाने वीज गेलेली, त्यामुळे मोजायला माणसं येईपर्यंत ती वितळून थोडी लहान झाली होती म्हणे. म्हणजे नोंदलाय तो आकारही कमीच.

पाऊलवाट

उत्तराखंडातल्या रूपकुंड तळ्यातले सांगाडे पण गारपिटीनेच ना? सगळे एकाच रात्री मेले म्हणतात.

खिडकीपाशी

म्हणतात, पण २०१९ मध्ये तिथल्या अडतीस सांगाड्यांचा डीएनए आणि वय तपासलं, तर ते एका वेळचे नाहीतच. एक गट साधारण सातव्या ते दहाव्या शतकातला, तोही एकाच प्रसंगातला नसावा, आणि दुसरा गट चक्क १८०० च्या आसपासचा, त्यातल्या लोकांचं मूळ पूर्व भूमध्य समुद्राकडचं! काही कवट्यांवर वरून मार बसल्याच्या खुणा आहेत, त्यामुळे काही जण गारांनी गेले असतीलही. पण 'एक रात्र, एक गारपीट' ही गोष्ट टिकत नाही. ते भूमध्यवाले पाच हजार मीटरवर हिमालयात काय करत होते हे कोडं मला गारपिटीहून मोठं वाटतं.

वाटसरू_जुना

हे सगळं ग्लोबल वॉर्मिंगमुळे चाललंय, माणसाला भोगावं लागणार.

पारा_चढला

@वाटसरू, १८६१ च्या पावसाला आणि १८८८ च्या गारांना तरी त्यात ओढू नका हो. एकटा विक्रम कुठल्याही काळात होतो. बदल दिसतो तो सरासरीत आणि किती वेळा होतं त्यात. हवा एक डिग्री तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, त्यामुळे मुसळधार पाऊस अजून मुसळधार होणार हे साधं गणित आहे. पण प्रत्येक फॉरवर्ड त्याचा पुरावा नाही.

मला विचाराल तर काळजी उष्णतेपेक्षा दमटपणाची जास्त आहे. ८ जुलै २००३, सौदीतलं धाहरान, तापमान ४२ आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा, ३५. पुस्तकी सूत्राने 'जाणवणारं' तापमान ८१ निघतं, सूत्र इतक्या वर चालवायचं नसतं पण असो. अशा हवेत घाम येतो, वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराकडे दुसरा उपाय नाही. कोरड्या ४५ मध्ये सावलीत पाणी पीत धडधाकट माणूस तग धरतो. तेवढंच तापमान दमट हवेत असेल तर पंख्याखाली बसूनसुद्धा नाही.

हिमकण

+१. यावर वेगळा धागा हवा.

वाऱ्याचं कोणीच घेतलं नाही म्हणून पटकन. बरीच वर्षं विक्रम होता अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगराचा, १२ एप्रिल १९३४, ताशी ३७२ किमी. शिखरावरच्या वेधशाळेत मूठभर माणसं, यंत्रावर बर्फ धरत होता म्हणून त्यातला एक जण त्या वाऱ्यात शिडीवर चढून दंडुक्याने तो फोडून आला! आकडा आल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार आला की यावर कोणी विश्वास ठेवेल का. ठेवला लोकांनी. पण तो विक्रम मोडला १० एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावर, ऑलिव्हिया चक्रीवादळात, ४०८ किमी. आणि मान्यता कधी? २०१० मध्ये. चौदा वर्षं आकडा पडून! टोर्नेडोत याहून जास्त वेग असतो, पण तो रडारने लांबून मोजतात, प्रत्यक्ष यंत्र तिथे टिकत नाही, म्हणून त्याचा रकाना वेगळा.

रेनकोट

पडून राहिलेल्या आकड्यांत विजेचा पण आहे. २२ ऑक्टोबर २०१७, टेक्सासच्या पूर्वेपासून कॅन्सस सिटीच्या जवळपर्यंत एकच वीज, ८२९ किमी लांब. तेव्हा उपग्रहाच्या माहितीत ती आलेली होती पण पहिल्या विश्लेषणात निसटली, नंतर तीच माहिती नव्याने तपासताना मिळाली आणि २०२५ मध्ये मान्य झाली. त्याआधीचा विक्रम ७६८ किमीचा. वेळेचा विक्रम वेगळा, १८ जून २०२०, उरुग्वे आणि अर्जेंटिनावर, एक वीज १७ सेकंद.

झुळूक

१७ सेकंद?! मला वाटायचं वीज म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढीच.

आणि सगळ्यात जास्त विजा कुठे पडतात?

रेनकोट

साधी वीज तेवढीच असते. या ढगातल्या ढगात फांद्या फुटत आडव्या पसरत जातात, जमिनीवर अधूनमधून उतरतात.

सगळ्यात जास्त व्हेनेझुएलात, माराकाइबो सरोवरावर, जिथे कातातुंबो नदी येऊन मिळते तिथे. दर चौरस किलोमीटरला वर्षाला सुमारे २३३ विजा, आणि वर्षातल्या बहुतेक रात्री. गरम सरोवर, तिन्ही बाजूंनी डोंगर, रात्री डोंगरावरून उतरणारी गार हवा खालच्या दमट हवेला वर ढकलते. २०१० च्या सुरुवातीला दुष्काळ पडला तेव्हा काही आठवडे हा खेळ बंद होता, तेव्हा लोक जास्त घाबरले.

मृगजळ

वीज एकाच जागी दोनदा पडत नाही म्हणतात ते?

ढगोबा

साफ खोटं. उंच टॉवरवर वर्षातून कित्येकदा पडते. माणसांत बघायचं तर रॉय सुलिव्हन, अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक, १९४२ ते १९७७ मध्ये सात वेळा वीज अंगावर घेऊन वाचले, गिनेस बुकात नोंद आहे. नोकरीच डोंगरात, उघड्यावर, त्यामुळे नशिबाइतकाच नोकरीचाही हात म्हणायचा.

शास्त्रापुरता

आणि ढग डोक्यावर नसला म्हणून सुटलो असंही नाही, वीज मुख्य ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, निरभ्र आकाशाखालीही उतरते. अंतर काढायचं तर चमक दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा नि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सरळ पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. बरीच माणसं पाऊस थांबला म्हणून लगेच निघतात आणि नेमकी तेव्हाच सापडतात.